गर्भातील मद्यसंपर्काचे मेंदूवरील परिणाम

गर्भवती स्त्रीने मद्य घेतल्यास गर्भाच्या विकसनशील मेंदूला जी इजा होते आणि जिचे परिणाम जन्मानंतर आयुष्यभर टिकतात, तिचा विचार या लेखात केला आहे. या इजेच्या सौम्य ते तीव्र अशा सर्व रूपांना वैद्यकीय व्यवहारात फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, संक्षेपाने एफएएसडी, असे म्हणतात. मराठीत तिला ‘गर्भमद्य विकारश्रेणी’ म्हणता येईल. ही इजा बरी करणारे औषध नाही. मात्र गर्भारपणात मद्य पूर्णपणे टाळल्यास ती होतच नाही. जन्मजात बौद्धिक व वर्तनविषयक अडचणींच्या कारणांपैकी हे एक पूर्णतः टाळता येण्याजोगे कारण मानले जाते.

महाराष्ट्रात या विषयाचा विचार करताना चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांचा उल्लेख क्रमप्राप्त ठरतो. मोहफुलांपासून घरी दारू गाळण्याची जुनी परंपरा, स्त्रियांनी उभी केलेली दारूबंदीची चळवळ आणि मातेच्या व बालकाच्या आरोग्याचे बिकट प्रश्न या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आढळतात.

नामकरण व व्याप्ती

विकारश्रेणीतील सर्वांत तीव्र रूपास ‘गर्भमद्य लक्षणसमूह’ म्हणतात. त्यात चेहऱ्याची विशिष्ट ठेवण, खुंटलेली वाढ आणि मज्जासंस्थेतील दोष ही तिन्ही लक्षणे असतात. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने १९९६ मध्ये निदानाचे निकष मांडताना पूर्ण लक्षणसमूह, अंशतः लक्षणसमूह, मद्यजन्य शारीरिक जन्मदोष आणि मद्यजन्य मज्जाविकास विकार असे प्रकार केले. यांपैकी शेवटच्या प्रकारात चेहरा सामान्य असतो, परंतु मेंदूच्या कार्यात दोष असतो. प्रत्यक्षात चेहऱ्यावर खूण नसलेली बालकेच अधिक असतात आणि त्यामुळे बहुसंख्य बालके निदानाविना राहतात.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यांनुसार जगातील सुमारे ९.८ टक्के स्त्रिया गर्भारपणात कधी ना कधी मद्य घेतात. सर्वसाधारण लोकसंख्येत दर हजार बालकांमागे सुमारे ८ बालकांना विकारश्रेणीतील एखादा विकार असतो, आणि गर्भारपणात मद्य घेणाऱ्या दर १३ स्त्रियांपैकी एकीच्या बालकास तो होतो, असा अंदाज त्यांत वर्तवला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांतातील द्राक्षमळ्यांच्या भागात जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आढळले आहे.

शोधाचा इतिहास

गर्भवतीने मद्य टाळावे, असे सल्ले अनेक समाजांत पूर्वीपासून दिले जात. परंतु त्यांना वैद्यकीय आधार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाला. फ्रान्समधील नाँत येथील बालरोगतज्ज्ञ पॉल लमवान यांनी १९६८ मध्ये मद्यासक्त मातांच्या १२७ अपत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याकडे तेव्हा फारसे लक्ष गेले नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथील केनेथ लायन्स जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात अशाच आठ बालकांचे वर्णन केले आणि त्याच वर्षी या लक्षणसमूहास नाव दिले. १९८१ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी गर्भवतींना मद्य न घेण्याचा सल्ला दिला. तेथे मद्याच्या बाटल्यांवर गर्भवतींसाठीचा इशारा १९८९ पासून सक्तीचा झाला. १९९९ पासून ९ सप्टेंबर हा दिवस या विषयीच्या जागृतीसाठी पाळला जातो. नवव्या महिन्यातील नववा दिवस गर्भारपणाच्या नऊ महिन्यांचे स्मरण म्हणून निवडला आहे.

मद्य गर्भापर्यंत कसे पोहोचते

सर्व मद्यांतील मादक द्रव्य एकच असते, ते म्हणजे इथेनॉल. त्याचा रेणू लहान असून तो पाण्यात व स्निग्ध पदार्थांतही विरघळतो, म्हणून वार त्यास अडवू शकत नाही. मातेच्या रक्तात मद्य मिसळल्यावर थोड्याच वेळात गर्भाच्या रक्तातील त्याचे प्रमाण मातेच्या रक्तातील प्रमाणाइतके होते. मातेचे यकृत मद्याचे विघटन करते. गर्भाच्या यकृतात त्यासाठी लागणारी विकरे पुरेशी तयार झालेली नसतात. गर्भ आपले मद्य वारेद्वारे मातेकडे परत जाण्याची जणू वाट पाहत असतो. त्यातच काही मद्य गर्भजलात साठते, ते गर्भ पुन्हा गिळतो. परिणामी मातेची नशा उतरल्यानंतरही गर्भाचा मद्याशी संपर्क चालू राहतो.

एकाच वेळी पुष्कळ मद्य घेतल्यास रक्तातील प्रमाण झपाट्याने वाढते. तेच मद्य थोडे थोडे घेतल्यापेक्षा असे पिणे मेंदूला अधिक घातक ठरते. मात्र गर्भारपणातील सुरक्षित अशी किमान मात्रा अद्याप ठरवता आलेली नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेसह सर्व प्रमुख वैद्यकीय संस्था पूर्ण वर्ज्यतेचाच सल्ला देतात.

मेंदूच्या घडणीवरील क्रिया

मेंदूची घडण गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि पुढे नऊही महिने चालते. त्यामुळे गर्भारपणाचा कोणताही काळ मेंदूच्या दृष्टीने निर्धोक नसतो. काळाप्रमाणे इजेचे स्वरूप तेवढे बदलते.

तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात चेहरा व मेंदू यांचा पाया घालणाऱ्या पेशी मद्यामुळे मोठ्या संख्येने नष्ट होतात. चेहऱ्याची विशिष्ट ठेवण याच काळातील संपर्काने उद्भवते, हे उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले आहे. या काळात पाळी चुकल्याचे अनेक स्त्रियांच्या नुकते कोठे लक्षात येत असते. पुढच्या महिन्यांत चेतापेशी तयार होऊन मेंदूच्या आतल्या भागातून बाहेरच्या थराकडे सरकतात. मद्यामुळे त्यांची संख्या घटते आणि काही पेशी नेमलेल्या जागी न पोहोचता भलत्याच ठिकाणी थांबतात. शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते व पेशींमध्ये असंख्य जोडण्या तयार होतात. या काळात मद्य पेशींमधील संदेशवहनाचा समतोल बिघडवते. ज्या पेशींना आवश्यक संदेश मिळत नाहीत, त्या आपोआप मरू लागतात.

याखेरीज मद्याच्या विघटनातून निर्माण होणारे विषारी पदार्थ, पेशींना परस्परांशी जोडणाऱ्या प्रथिनांतील बिघाड, वारेतील रक्तप्रवाहाची घट आणि जनुकांच्या कार्यावरील नियंत्रणात होणारे बदल हेही इजेचे मार्ग आहेत. मातेचा आहार निकृष्ट असेल किंवा तिच्या शरीरात लोहाची कमतरता असेल, तर हीच इजा अधिक गंभीर होते.

बाधित होणारे भाग

मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासांतून एकूण मेंदूचा आकार लहान राहिल्याचे वारंवार आढळले आहे. विशेष बाधित होणारे भाग पुढीलप्रमाणे :

कॉर्पस कॅलोसम : मेंदूच्या उजव्या व डाव्या गोलार्धांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा. तो पातळ किंवा वेडावाकडा राहतो. क्वचित तयारच होत नाही. परिणामी माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग मंदावतो.

लहान मेंदू : तोल व हालचालींचा मेळ राखणारा भाग. त्याच्या इजेमुळे मूल उशिरा चालते, वारंवार पडते. पेन्सिल धरणे, गुंडी लावणे त्यास जड जाते.

ललाट खंड : नियोजन, आत्मसंयम व परिणामांचा विचार यांचे केंद्र. दैनंदिन जीवनातील सर्वांत जाचक अडचणी याच्या दोषातून येतात.

हिप्पोकॅम्पस : नवीन गोष्टी स्मरणात साठवणारा भाग.

मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रके : सवयी लागणे व लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर वळवणे यांच्याशी त्यांचा संबंध असतो.

बालपणातील व शाळेतील लक्षणे

तान्हेपणी चिडचिड, झोपेची अनियमितता व दूध ओढण्यात अशक्तपणा दिसू शकतो. बोलणे व चालणे उशिरा सुरू होते. शाळेच्या वयात दोष अधिक स्पष्ट होतात. मूल पुष्कळ बोलते, पण विचारलेल्याचा अर्थ त्यास पूर्ण कळलेला नसतो. आज पाठ झालेला पाढा उद्या आठवत नाही आणि परवा पुन्हा आठवतो. गणित, वेळेचे भान व पैशांचा हिशेब विशेष अवघड जातात. एकामागून एक तीन सूचना दिल्या, तर तिसरी लक्षात राहते, पहिल्या दोन निसटतात. एका प्रसंगात शिकलेला नियम दुसऱ्या प्रसंगात लावता येत नाही. त्यामुळे एकाच चुकीसाठी त्यास पुन्हा पुन्हा शिक्षा होते.

अशा अनेक मुलांचा बुद्ध्यंक ७० हून अधिक असतो. मतिमंदत्वाच्या व्याख्येत ती बसत नाहीत व कोणत्याही सवलतीस पात्र ठरत नाहीत. चेहऱ्यावर खूण नाही, बोलण्यात खोट नाही. मग वर्गात ती ‘ढ’, ‘आळशी’ किंवा ‘उनाड’ ठरतात. मेंदूतील इजेचे शाळेत असे चारित्र्यदोषात रूपांतर होणे हा या विकाराचा सर्वांत दुःखद भाग होय. अ‍ॅन स्ट्रायसगुथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात ४१५ बाधित व्यक्तींचा अभ्यास करून १९९६ मध्ये निष्कर्ष मांडले. शाळा सुटणे, कायद्याच्या कचाट्यात सापडणे, स्वतः व्यसनाधीन होणे अशा पुढील आपत्तींचे प्रमाण या व्यक्तींत मोठे होते. परंतु ज्यांचे निदान वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी झाले आणि ज्यांना स्थिर व मायेचे घर लाभले, त्यांच्यात ते बरेच कमी होते.

निदान

निदानासाठी एखादी निर्णायक रक्तचाचणी नाही. चेहऱ्याची तीन लक्षणे पाहिली जातात : डोळ्यांच्या फटींची कमी लांबी, नाक व वरचा ओठ यांमधील उभी पन्हळ सपाट असणे आणि वरचा ओठ पातळ असणे. त्याबरोबर उंची, वजन व डोक्याचा घेर मोजतात. स्मरण, लक्ष, भाषा व वर्तन यांच्या चाचण्या घेतात आणि गर्भारपणातील मद्यसेवनाची माहिती विचारतात. यांपैकी शेवटची पायरी सर्वांत नाजूक असते. दोष दिला जाईल या भीतीने माता खरे सांगत नाही आणि अवघडलेपणामुळे अनेकदा वैद्यही विचारत नाहीत. नवजात बालकाच्या पहिल्या काळसर शौचातील किंवा मातेच्या रक्तातील काही घटकांवरून मद्यसंपर्क ओळखता येतो. परंतु या चाचण्या ग्रामीण रुग्णालयांच्या आवाक्यातील नाहीत.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे

मोहाची दारू

झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात मोहाच्या झाडास मोठे महत्त्व आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळून पडणारी फुले स्त्रिया व मुले वेचतात, वाळवून साठवतात, खातात व विकतात. फुलांत साखर भरपूर असते. ती पाण्यात भिजवून, पुष्कळदा गूळ घालून आंबवली की सडवा तयार होतो आणि तो भट्टीवर उकळून त्याची वाफ थंड केली की दारू मिळते. गोंड, माडिया आदी समाजांत जन्म, विवाह, मृत्यू व देवकार्य यांत मोहाच्या दारूस विधीचे स्थान आहे. काही समूहांत स्त्रियांनी ती घेणेही निषिद्ध मानले जात नाही. दुसरीकडे, याच भागातील असंख्य स्त्रिया मद्यास कधीही स्पर्श करत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत देशातील १५ वर्षांवरील १.३ टक्के स्त्रिया व १८.८ टक्के पुरुष मद्य घेत असल्याचे नोंदले गेले. आदिवासी स्त्रियांमध्ये हे प्रमाण सरासरीपेक्षा अधिक आहे.

गर्भाच्या दृष्टीने मोहाच्या दारूचा विशेष धोका असा की, घरी गाळलेल्या दारूची तीव्रता प्रत्येक वेळी निराळी असते. किती घेतली याचा अंदाज ना घेणारीस असतो, ना विचारणाऱ्या परिचारिकेस. न आंबवलेल्या मोहफुलात मात्र मद्य नसते; वाळवलेली फुले किंवा त्यांचे लाडू खाण्याने हा धोका उद्भवत नाही. वनौषधी किंवा वनान्न म्हणून मोहाची थोरवी आणि गर्भारपणात मोहाची दारू वर्ज्य करणे यांत म्हणूनच विरोध नाही.

दारूबंदीचा इतिहास

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या पुढाकाराने व गावोगावच्या लोकांच्या सहभागाने उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. चंद्रपूर जिल्ह्यात ‘श्रमिक एल्गार’ या संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी दीर्घ लढा दिला. डिसेंबर २०१० मध्ये त्या चिमूरहून नागपुरास विधिमंडळाच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ रोजी तेथेही बंदी अमलात आली. २०२१ मध्ये राज्य शासनाने ती उठवली.

ब्रह्मपुरी हे वैनगंगेच्या पश्चिमेकडील, चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नदीपलीकडे देसाईगंज (वडसा) व आरमोरी हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुके आहेत आणि तेथील रुग्ण उपचारांसाठी ब्रह्मपुरीस येतात. १९९३ ते २०१५ या काळात नदीच्या एका काठावर बंदी होती व दुसऱ्या काठावर परवानाधारक दुकाने होती. २०२१ नंतर पुन्हा तीच स्थिती आली. कायद्याने दुकान बंद होते. घरातील किंवा जंगलातील भट्टी बंद होण्यासाठी गावाचा निर्धार लागतो, असा या प्रदेशाचा अनुभव आहे. २०१६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात राज्य शासन, ‘सर्च’ व टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने सुरू झालेला ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखू कमी करण्याचा कार्यक्रम याच जाणिवेवर उभा आहे.

या चळवळींचा मुख्य भर पुरुषांचे व्यसन, स्त्रियांना होणारी मारहाण व संसाराची धूळधाण यांवर होता आणि तो सर्वथा योग्य होता. गर्भातील बालकाचा मेंदू हे दारूविरोधाचे तितकेच सबळ कारण असूनही त्याची चर्चा तुलनेने कमी झाली.

निदानातील स्थानिक अडचणी

या प्रदेशात कमी जन्मवजन, लहान चण व मंद वाढ यांची इतर कारणेही विपुल आहेत : मातेचे कुपोषण, रक्तक्षय, हिवताप, सिकलसेल आजार, लहान वयातील विवाह व लागोपाठची बाळंतपणे. त्यामुळे मद्यजन्य इजा या गर्दीत हरवते. याच्या उलट, प्रत्येक मंद मुलाचे कारण आईच्या दारूत शोधणे हाही तेवढाच मोठा अन्याय ठरेल. विशेषतः आदिवासी समाजाविषयीच्या पूर्वग्रहांस त्यामुळे खतपाणी मिळेल. पुराव्याशिवाय असे अनुमान काढणे वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आहे.

प्रतिबंध

गर्भधारणेचा विचार असल्यापासूनच मद्य बंद करणे हा सर्वोत्तम उपाय होय. गर्भ राहिल्याचे उशिरा कळले व तोवर मद्य घेतले गेले असले, तरी त्या क्षणी थांबण्याने पुढील इजा टळते. मात्र रोज पुष्कळ पिण्याची सवय असलेल्या स्त्रीने एकाएकी स्वतःहून मद्य तोडल्यास झटके येण्याचा धोका असतो. तिने ते वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावे.

गावात गर्भवतीस सर्वप्रथम भेटणारी व्यक्ती म्हणजे आशा किंवा अंगणवाडी सेविका. दर महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची तपासणी होते. अशा भेटींत रक्तदाब व हिमोग्लोबिन यांबरोबर मद्याविषयीचा प्रश्न, दोषारोपाचा सूर न लावता, प्रत्येकीस विचारला जाणे उपयुक्त ठरते. सर्वांना विचारला जाणारा प्रश्न कोणा एकीस अपमानास्पद वाटत नाही.

भारतात मद्याच्या बाटल्यांवर १ एप्रिल २०१९ पासून मद्य आरोग्यास घातक असल्याचा व मद्य पिऊन वाहन न चालवण्याचा इशारा सक्तीचा आहे. त्यात गर्भारपणाचा उल्लेख नाही. भट्टीवरच्या दारूवर तर कोणतेच वेष्टन नसते. या भागात इशारा माणसानेच माणसास द्यावा लागतो.

पित्याच्या मद्यसेवनाने हा विकार होत नाही, कारण त्याची व्याख्याच गर्भातील मद्यसंपर्कावर आधारलेली आहे. परंतु पिणाऱ्या पतीच्या घरात पत्नीवर पिण्याचे दडपण, अपुरा आहार व मारहाण यांची शक्यता वाढते. गर्भारपणाच्या काळात पतीने व सासरच्या मंडळींनीही घरात दारू न आणणे हा प्रतिबंधाचाच भाग आहे.

संगोपन व साहाय्य

नष्ट झालेल्या चेतापेशी परत येत नाहीत. मात्र बालपणी मेंदूची शिकण्याची क्षमता मोठी असल्याने लवकर मिळालेल्या मदतीचा उपयोग होतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळकरी मुलांची एकदा तपासणी होते आणि विकासात मागे पडलेल्या बालकांस जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. वाचा-उपचार, हालचालींचे व्यायाम व वर्तनविषयक मार्गदर्शन तेथे अपेक्षित आहे. अतिचंचलता किंवा झटके यांसाठी वैद्य औषधे देतात.

वर्गात पुढील पद्धती परिणामकारक ठरतात : एका वेळी एकच सूचना देणे व ती मुलाकडून वदवून घेणे, चित्रे व प्रत्यक्ष वस्तू वापरणे, दिवसाचा क्रम न बदलणे, गोंगाटापासून दूर, शिक्षकाच्या जवळ बसवणे, शिकलेल्याची पुन्हा पुन्हा उजळणी करणे, शिक्षेऐवजी योग्य कृती तिथल्या तिथे करून दाखवणे. यांसाठी महागडी साधने लागत नाहीत आणि निदान निश्चित झालेले नसले तरी कोणत्याही मागे पडणाऱ्या मुलास त्यांचा लाभच होतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांच्या यादीत या विकाराचा स्वतंत्र उल्लेख नाही. बौद्धिक दिव्यांगत्व किंवा विशिष्ट अध्ययन अक्षमता या सदरांखाली पात्र ठरणाऱ्या मुलांस मात्र त्या कायद्याचे संरक्षण मिळू शकते.

प्रचलित गैरसमज

बिअर, ताडी किंवा शिंदी सौम्य असल्याने चालते, असा समज आढळतो. तीव्रता कमी असली तरी त्यांतील द्रव्य इथेनॉलच असते. पहिले मूल धडधाकट निघाले म्हणून दुसऱ्या वेळी धोका नाही, हेही खरे नव्हे. मातेचे वय, पोषण व पिण्याचे प्रमाण बदलते, तसा धोका बदलतो. पहिले तीन महिने सरले की मद्य घेण्यास हरकत नाही, हा समज मेंदूच्या बाबतीत विशेष घातक आहे, कारण मेंदूची वाढ शेवटच्या महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते. मूल मोठे झाले की ‘सुधारेल’, ही आशाही फोल ठरते. इजा आपोआप भरून येत नाही. ती ओळखून तिच्याशी जुळवून घेणारे घर व शाळा मिळाली, तर मात्र मूल आपल्या पायांवर उभे राहू शकते.